बत्तिसावं नाव

ब्राह्मणपुरीच्या हेमकांत पाटलांच्या घरात मंगलाबाईला विचारल्याशिवाय कुणाचं नाव पडत नाही. फुईचाच मान तो. फुई म्हणजे बापाची बहीण, बाकीचा महाराष्ट्र जिला आत्या म्हणतो ती. आमच्याकडे जन्म आई देते, आडनाव बाप देतो, पण बाराव्या दिवशी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं ते फुईनंच, आणि त्यात देवानंही लुडबुड करायची नाही. हेमकांतला ही एकच बहीण आणि त्याच्या तिघा चुलत भावांना तर एकही नाही, त्यामुळे चारही घरांचा, पुढे नातवंडांचाही, हा कारभार कित्येक वर्षं मंगलाबाईकडे आहे. आजवर तिनं एकतीस लेकरांना नावं दिली. शिवाय एक ट्रॅक्टर, दोन बोअर आणि शेळ्या-म्हशी किती, त्याची मोजदादच नाही. पपईच्या मळ्यातल्या बोअरचं नाव हिराबाई आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की हेमकांत आजही “हिराबाई रुसनी” असंच म्हणतो.

बाईचे नियम कडक. बारशाआधी नाव फोडायचं नाही, बाळाच्या आईलासुद्धा नाही. महाराजांकडून अक्षर घ्यायचं, दोन दिवस बाळाजवळ बसून त्याचं तोंड बघायचं, मग ठरवायचं. हल्लीच्या पोरी मोबाइलवरून नावांची यादीच काढून आणतात. मंगलाबाई ती यादी चष्मा लावून नीट वाचते, घडी घालून पाळण्यातल्या उशीखाली ठेवते आणि कानात आपल्याला हवं तेच नाव सांगून मोकळी होते. एका सुनेनं धीर करून यादीचं काय झालं असं विचारलं, तर म्हणाली, “वाया नही गयी माय, उशी उंच व्हयनी ना!”

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि तोंडावर कुणी काढत नव्हतं. एकतीस नावांत ‘च’चं एकही नाव नाही. हिंमतराव म्हणजे चुलत भावांतला थोरला. त्याच्या नातवाच्या वेळी महाराजांनी पंचांग पाहून ‘ची’ काढलं, तर बाईनं महाराजांना पुन्हा पाहायला लावलं, तरी ‘ची’च आलं, तेव्हा पंचांगच खोटं ठरवून पोराचं नाव रेवजी ठेवलं. लोकांनी म्हातारीची लहर म्हणून हसण्यावारी नेलं.

तर चैत्र होता. मंगलाबाई गच्चीवर बाजेवर बिबडे घालत होती. ज्वारीच्या कण्यांचे हे पापड ऊन चढायच्या आत घालून झाले पाहिजेत, म्हणून सकाळी तिला कुणी हाक मारलेली खपत नाही. तेवढ्यात फोन वाजला. हेमांगीचा होता म्हणून घेतला. हेमांगी म्हणजे हेमकांतची लेक, नावांच्या हिशेबात नववी, पुण्याच्या एका खगोल संस्थेत नोकरीला. गाव मात्र अजून “ती रॉकेटमा शे” असंच सांगतं.

“फुई, तुले एक नाव देवानं शे,” हेमांगी म्हणाली.

मंगलाबाईचा हात थांबला. “कोनले दिन गयात व?”

“कोनलेच नही. मले एक चंद्र सापडना.”

मग तिनं चंद्र कसा सापडला ते समजावून सांगितलं. आकाशात सूर्याभोवती फिरणारा एक दगड आहे, चार किलोमीटरचा. त्याच्याभोवती आणखी एक छोटा दगड फिरतो, आपल्या गावच्या पाझर तलावाएवढा असेल. तो आजवर कुणाला ठाऊक नव्हता. डोळ्यानं नाही दिसला. मोठ्याचा उजेड ठरावीक वेळानं जरा मंद व्हायचा, त्यावरून कळलं. “दिवापुढून कोनी रोज त्याच टाइमले येस-जास, तर मानूस नही दखायना तरी समजस ना? तसं,” हेमांगी म्हणाली. चार देशांतले सात जण त्या कामावर होते, पण तो मंदपणा आधी हिच्या ध्यानात आला. म्हणून नाव सुचवायचा मान तिला मिळाला. शेवटी मंजूर-नामंजूर एक कमिटी करणार.

“मी त्यास्ले सांगं, आमन्याकडे नाव फुई देस,” हेमांगी म्हणाली. “बाकीना हसनात. मन्हा सर हसनात नही.”

मंगलाबाई लगेच कामाला लागली. “जल्म कव्हयना शे? टाइम सांग. महाराजले अक्षर इचारसू.”

“फुई, करोडो वरीसनी शे ती. आमले दखायनी आते.”

“म्हंजे डोकरी शे! अन् अजून बिननावनी?”

हेमांगी हसली. पुढे म्हणाली, मोठ्या दगडाचं नाव आधीच पडलेलं आहे, कुठल्याशा दूर देशाच्या जुन्या कथेतल्या एका आईचं. म्हणून लहानीचं नाव तिच्याशी काही नातं असलेलं हवं. लेकीचं किंवा घरातल्या कुणाचं असावं तसं. फार लांबलचक नको, परक्या माणसाला म्हणता यावं. येत्या सोमवारपर्यंत पाठवायचं आणि कमिटी हो म्हणेपर्यंत बाहेर फोडायचं नाही.

“ते मले शिकाडू नको,” मंगलाबाई म्हणाली. मग बाजेवरचा एक बिबडा बोटानं उगाच सारखा करत बसली. हेमांगीला वाटलं फोन कटला.

“फुई?”

“नाव फोनवर सांगतस नही. तू ये,” असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला. हातातलं पीठ मात्र तोवर वाळून गेलं होतं.

पुढचे तीन दिवस मंगलाबाईला नाव सुचलं नाही. असं आयुष्यात झालं नव्हतं. अक्षर नाही, बाळाचं तोंड नाही, म्हणून सुचत नसेल असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण खरं कारण तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. आईभोवती फिरणारी लेक, आणि बिननावाची. दुसऱ्या कुणाचा चेहरा डोळ्यापुढे येणार होता?

तिचीही एक लेक होती. अकरा दिवसांची.

एकोणऐंशी सालचा माघ. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवरा नवनीत तळोद्याकडच्या एका खेड्यात शेती करायचा. बोलायला लाजाळू, पण तळोद्याच्या बाजारातून सायकलला अडकवून जिलबीचा पुडा आणायचा आणि तो आईच्या हातात न देता चुलीमागे लपवायचा. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून मंगलाबाई ब्राह्मणपुरीला आलेली. आता जिथं हेमकांतचं मोटारसायकलींचं शेड आहे तिथं तेव्हा बाळंतिणीची खोली होती. खाटेखाली शेगडी, तिच्यात ओवा टाकलेला, आणि दिवसभर त्या धुराचा वास. सुईण कालीबाई पोरीला तेल लावायला यायची. पोरगी तेलाचा हात लागला की लागोपाठ तीन वेळा शिंकायची, कधी दोन नाही, कधी चार नाही. अजून कुणी तीनदा शिंकलं की मंगलाबाई हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघते.

नाव पडलेलं नव्हतं म्हणून सगळे तिला नुसतं ‘बाय’ म्हणायचे. महाराजांनी नक्षत्र पाहून अक्षर काढलं होतं, ‘चा’. नाव देणार होती नवनीतची थोरली बहीण गजराबाई, तळोद्याला दिलेली. तिनं निरोप धाडला होता, नाव माझ्याजवळ तयार आहे, मीच घेऊन येते. मग अकरा दिवस मंगलाबाई खाटेवर पडून ओळखायचा खेळ खेळायची. चांगुणा असेल? चांदणी असेल? कालीबाईशी पैजही लावली होती, तांब्याभर तुपाची.

अकराव्या दिवशी पोरीला ताप चढला आणि झटके आले. पहाटे सगळं संपलं. दारात आंब्याची पानं लावलेला, शेजारून मागून आणलेला पाळणा तसाच उभा होता. लहान लेकरांना आमच्याकडे जाळत नाहीत. पुरुष मंडळी उजाडताच नदीकाठी जाऊन माती देऊन आली.

दुपारी बैलगाडीची घुंगरं वाजली. शहाद्यापर्यंत एस.टी.नं येऊन पुढे गावातल्याच नथ्थूची गाडी करून गजराबाई येत होती, हे मंगलाबाईला पडल्या पडल्या कळलं. तिला वाटलं, आता ती येईल, गळ्यात पडून रडेल, आणि निदान मला एकटीला तरी सांगेल की नाव काय होतं. घुंगरं गावदरीपर्यंत, म्हणजे गावाच्या वेशीपर्यंत आली. तिथं थांबली. थोड्या वेळानं पुन्हा वाजली आणि लांब लांब जात ऐकू येईनाशी झाली.

“तुन्ही ननंद गावदरीहूनच फिरी गयी माय,” कालीबाईनं येऊन सांगितलं.

नाव घेऊन आली आणि नाव घेऊन परत गेली. उंबरा चढली नाही. हे मंगलाबाईनं मनात धरलं ते धरलंच. त्यानंतर नवनीत होता तोवर दोघी लग्नाकार्यात भेटल्या, एका ताटलीत जेवल्या, एकमेकींच्या पाया पडल्या, आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढे मूल झालं नाही. नवनीत काविळीत गेला आणि मंगलाबाई भावाच्या घरी परत आली. इथं तिला कुणी पाहुणी म्हटलं नाही हे हेमकांतचं आणि त्याच्या बायकोचं, रंजनाबाईचं चांगलेपण. तळोद्याचं येणं-जाणं मात्र तुटलं. पण दर बारशाला पाळण्यात वाकताना तिला वाटायचं, माझ्या लेकीच्या कानात कुणी वाकलं नाही. ‘च’ची नावं तिनं कुणाला दिली नाहीत, कारण त्यांतलं नेमकं तिचं कोणतं हे तिला माहीत नव्हतं. न जाणो तेच दुसऱ्याला देऊन बसायची.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, हेमांगी स्वतः गाडी चालवत आली. दोन वर्षांनी आली होती. रंजनाबाईनं शेवभाजी आणि दादर ज्वारीची भाकरी केली, हेमकांतनं पपया उतरवल्या, शेजारपाजारच्या बायका रॉकेटवाली पाहून गेल्या. संध्याकाळी गच्चीवर बिबडे गोळा करताना हेमांगीनं विचारलं, “मंग फुई, काय ठरनं?”

“मले सुचस नही,” मंगलाबाई म्हणाली.

हे वाक्य हेमांगीनं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी ती या फुईच्या मागे मागे फिरून विहिरीचं नाव काय, बांधावरच्या कडूनिंबाचं नाव काय असं विचारायची आणि फुई चालता चालता नावं देत जायची. हेमांगी वाळले बिबडे तिथंच ठेवून तिच्याजवळ बसली. आणि मग मंगलाबाईनं सगळं सांगितलं, शिंकांपासून घुंगरांपर्यंत. घरात ती कहाणी वरवर सगळ्यांना ठाऊक होती. नावाचा सल मात्र तिनं आजवर कुणालाच दाखवला नव्हता.

“गजराबाई जित्या शेत अजून?”

“शे. चौऱ्याऐंशीनी व्हई गयी व्हई.”

“मंग इचारं काबर नही?”

मंगलाबाई फणकारली. “मी काबर इचारू? तिनी सांगानं व्हतं. पोर मन्ही गयी ना?”

“सकाय तळोदाले जाऊत.”

“मन्ही जूती जाई तठे!”

सकाळी सहाला हेमांगी उठली तर फुई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली आणि शेजारी बिबड्यांचा डबा. “मी काही इचारनार नही,” तिनं आधीच बजावलं. “डोकरी मरानं आधी भेटी येसू, इतलंच.”

शहादा सोडल्यावर उजव्या हाताला सातपुडा लागला तो तळोद्यापर्यंत सोबत राहिला. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांमागून गाडी रखडत चालली होती. मंगलाबाई खिडकीतून बोट दाखवत होती. इथं एस.टी. पंक्चर झाली होती. इथं नवनीतनं पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली होती आणि मग स्वतःच लाजून मागे पाहिलं होतं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. ते सांगताना सहासष्ट वर्षांची बाई इतकी हसली की हेमांगीला गाडी हळू करावी लागली. तळोद्यात शिरताच हसणं थांबलं. बाजारात पहाडातल्या गावांना जाणाऱ्या जीपा माणसांनी भरून उभ्या होत्या, त्यांच्यातून वाट काढत त्या गजराबाईच्या गल्लीत पोचल्या.

गजराबाई ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. अंगानं पार वाळलेली, पण नजर शाबूत. तिची नातसून चंदन बाहेर आली आणि म्हणाली, “आजीले आइकू येस नही. मशीन लई देल शे, पन ते शिट्टी मारस म्हनीसन डबामा ठेवस.”

गजराबाईनं मंगलाबाईला क्षणात ओळखलं. काही न बोलता बाजूची मिरचीची पाटी सरकवून जागा केली. मंगलाबाई पाया पडली. डबा पुढे केला. तब्येत, पाऊस, हेमकांतचे गुडघे असं सगळं ओरडून झालं. तेही दोन-दोनदा. मग दोघी मिरच्या खुडत राहिल्या. हेमांगी ओट्याच्या पायरीवर बसून एकीकडून दुसरीकडे बघत होती.

आणि एकाएकी मंगलाबाईला राहवलं नाही.

“आक्का, मन्ही आंडेरनं नाव काय व्हतं?”

गजराबाईनं कानाला हात लावला. “आं?”

सेहेचाळीस वर्षं जे पुटपुटायलाही जमलं नाही ते आता ओरडून विचारायची पाळी आली. मंगलाबाईनं डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून म्हणाली, “मन्ही आंडेर! अकरा दिननी! तिनं नाव तू काय आनं व्हतं?”

समोरचा किराणावाला दुकानाबाहेर आला. गजराबाईच्या हातातली मिरची खाली पडली.

“इतला वरीस लागनात तुले इचाराले?” ती म्हणाली.

“तू गावदरीहून फिरी गयी,” मंगलाबाईचा आवाज आता खाली येईना. “नाव लई उनी, अन् नाव लई चालनी गयी! उंबरा चढनी नही. पोरनं तोंड देखं नही.”

“लई नही गयी मी,” गजराबाई म्हणाली. “दी गयी.”

मग तिनं सांगितलं. आवाज मोठाच, कारण तिला तो ऐकू येत नव्हता. “गावदरीले मानूस भेटना, बोलना घरमा रडापडा शे, पोर गयी. मन्हा हातमा नवं झबलं, पिवयं टोपरं. सुतकना घरमा बारसानं कापड कसं लई जाऊ? मंग मी नथ्थूले सांगं, गाडी नदीवर ले. करंजना झाडना उगवतीले माटी ओलीच व्हती. मी उतरनू, वाकनू, माटीले तोंड लायं, अन् तिनं नाव सांगं. तीनदा सांगं. झबलं-टोपरं तठेच ठेवं. फुई नाव देवाले निंघी, अन् न देता घर जाई, असं व्हस का कव्हय?”

मंगलाबाईला आठवलं, त्या वर्षी कालीबाई एकदा म्हणाली होती की नदीवर पिवळं टोपरं पडलेलं दिसलं, आणि आईनं तिला दटावून गप्प केलं होतं.

“मले काबर नही सांगं?” ती शेवटी म्हणाली. हेमांगीनं तेच वाक्य आजीच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं.

“नव्या माटीवर बाई वाकेल देखी, तर गाव काय म्हनतं? करनी करी ऱ्हायनी म्हनतं. नथ्थूले मी आन घाली व्हती, तो मरेपर्यंत बोलना नही. अन् तुले...” गजराबाईनं मंगलाबाईचा हात धरला. दोघींच्या हाताला मिरची लागलेली होती. “गयेल लेकरूनं नाव मायपुढे कोनी काढतस का? तू इचारशी तव्हय सांगसू, असं मनमा व्हतं. दर लगनमा तुन्हा तोंडकडे देखू. तू इचारंच नही.”

ती विचारेल म्हणून ही थांबली आणि ही सांगेल म्हणून ती. एवढ्यासाठी दोघींचं आयुष्य गेलं! मंगलाबाईला स्वतःचा इतका राग आला की रडूही येईना. ज्या बाईला तिनं सेहेचाळीस वर्षं मनात शिव्या दिल्या, तिनं तिच्या लेकीसाठी ओल्या मातीला तोंड लावलं होतं.

“सांग ना मंग,” ती म्हणाली.

गजराबाईनं खूण करून तिला जवळ ओढलं. पाळण्यावर धरतात तसा पदर आडवा धरला, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि अगदी हळू, म्हणजे तिच्या समजुतीनं हळू, नाव सांगितलं.

“चारुलता!”

कानात सांगायचं नाव सगळ्या गल्लीनं ऐकलं. आतून चंदन विचारत आली, “कोन चारुलता? कोन उनं?”

गजराबाई मंगलाबाईच्या पाठीवरून हात फिरवत सांगत होती. त्या वर्षी तळोद्याच्या शाळेत एक नवी मास्तरीण आली होती, सायकलवर बसून जायची, कुणाला भ्यायची नाही. तिचं नाव होतं ते. “मी बोलनू, आमनी पोर बी तशी व्हवाले पाहिजे.” मंगलाबाई आता रडत होती, पदरात तोंड खुपसून, आणि मिरचीच्या हातानं डोळे पुसल्यामुळे आणखीच.

गाडीत बसल्यावर हेमांगीनं मोबाइल काढला. तिचेही डोळे लाल होते. “फुई, चारुलता. परका मानूसले बी जमी म्हनाले. मी लिखू?”

“नको,” मंगलाबाई म्हणाली. “ते देल शे. एक नाव घरमा दोनदा देतस नही.”

“मंग?”

“गाडी चालू कर.”

शहादा गेलं, ब्राह्मणपुरीचा फाटा आला. तिथं तिनं गाडी नदीकडच्या रस्त्याला घ्यायला लावली. करंजाचं झाड केव्हाच पडलेलं, काठ खचलेला, पलीकडे कुणाची तरी केळी. नेमकी जागा सांगणं आता देवालाही जमलं नसतं. मंगलाबाई कमरेवर हात ठेवून काठावर उभी राहिली. मग तिन्हीसांजेला आया खेळणाऱ्या पोरांना घरी बोलावतात तशी तिनं हाक दिली.

“चारू! ओ चारुलता!”

केळीच्या बागेत पाणी भरणाऱ्या गड्यानं वर पाहिलं. हेमांगी गाडीपाशीच थांबली. मंगलाबाई आणखी एकदा, दोनदा, पुरत्या तीन हाका मारून परत आली. तिनं नदीचं पाणी तोंडावर मारलं होतं. चेहरा हलका दिसत होता.

“आते इकडे ये,” ती हेमांगीला म्हणाली, आणि पदर आडवा धरून तिच्या कानात चंद्राचं नाव सांगितलं.

हेमांगीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. मग मोबाइलमध्ये तो अर्ज उघडून, गाडीच्या बॉनेटला टेकून, नावाच्या जागी लिहिलं, ‘गजरा’. खाली आणखी एक रकाना होता.

“फुई, कारन लिखनं पडस. हाई नाव काबर दिधं, ते. दोन ओळीमा.”

मंगलाबाईनं क्षणभर नदीकडे पाहिलं.

“लिख,” ती म्हणाली. “हाई आमनी पोरनी फुई. लेकरू माटीमा गयं तरी तिनी त्याले बिननावनं जाऊ दिधं नही.”